समविभागी सप्तक, नैसर्गिक सप्तक आणि पेटीचा प्रश्न

इंदापूर तालुक्यातील शेळगाव ज्या टापूत येते, त्या टापूतून दर आषाढात तुकाराममहाराजांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे जाते. दिंडी चालू असते तेव्हा सुराला आधार असतो तो वीणेकऱ्याच्या गळ्यातील वीणेच्या मोकळ्या तारांचा. टाळमृदंगाच्या घोषात तोही पुरता ऐकू येत नाही, आणि सूर जुळतो तो गाणाऱ्यांनी एकमेकांना ऐकण्यामुळे. याच टापूतील एखाद्या देवळात एकादशीचे भजन बसले म्हणजे मात्र मध्यभागी पेटी येते, आणि बुवांनी तोंड उघडण्यापूर्वी पेटीवाल्याचा एक प्रश्न ठरलेला असतो : "पट्टी कोणती?" कोणी काळी एक सांगतो, कोणी पांढरी चार. उत्तर मिळताच पेटीवाला आपला हात त्या पट्टीवर नेतो व भजन सुरू होते. हा व्यवहार इतका अंगवळणी पडलेला आहे, की त्याच्या मुळाशी स्वरशास्त्रातील एक मोठा वाद आहे हे सहसा ध्यानात येत नाही. कोणतीही पट्टी षड्ज होऊ शकते, ही सोय फुकट मिळालेली नाही. तिचे मोल गांधाराने दिलेले आहे, आणि ते मोल वाजवी आहे की नाही, हाच या वादाचा विषय होय.

प्रथम गणित पाहू. मध्य सप्तकातील षड्जाची आंदोलनसंख्या दर सेकंदास २४० धरली, तर नैसर्गिक सप्तकातील शुद्ध स्वर अनुक्रमे २७०, ३००, ३२०, ३६०, ४००, ४५० आणि तार षड्ज ४८० असे येतात. या संख्यांत मनमानी काही नाही. पंचम हा षड्जाच्या दीडपट, मध्यम एकतृतीयांशाने अधिक, गांधार चतुर्थांशाने अधिक. लहान पूर्णांकांच्या गुणोत्तरांनी बांधलेले हे स्वर होत. त्यांचा पुरावा तंबोऱ्यातच मिळतो. खरजाची तार १२० आंदोलनांची असेल, तर त्याच तारेतून २४०, ३६०, ४८०, ६०० हे स्वरही उमटत असतात. जवारी नीट लागली असता यांतील पाचवा, म्हणजे ६०० चा स्वर, कानाला स्पष्ट जाणवतो. हाच तो स्वयंभू गांधार. गायकाने ३०० चा गांधार लावला, तर त्या आवाजातील दुप्पट आंदोलनांचा उपस्वर नेमका या ६०० वर जाऊन बसतो. दोन्ही एकजीव होतात, आणि गायक म्हणतो की गांधार 'मिळाला'.

समविभागी सप्तकात, ज्याला वादक 'टेंपर्ड' म्हणतात त्यात, ही गुणोत्तरे सोडून दिलेली असतात. षड्जापासून तार षड्जापर्यंतचे अंतर बारा सारख्या पायऱ्यांत वाटलेले असते. प्रत्येक पायरीला आंदोलनसंख्या २ च्या बाराव्या मुळाने, म्हणजे सुमारे १.०५९५ ने, गुणली जाते. षड्ज २४० असता रिषभ २६९.४, गांधार ३०२.४, मध्यम ३२०.४, पंचम ३५९.६, धैवत ४०३.६ व निषाद ४५३.१ येतो. रिषभ, मध्यम व पंचम यांत फरक नाममात्र आहे. दोष साचतो तो गांधार, धैवत आणि निषाद यांत. हे तिन्ही स्वर चढे होतात. इंग्रज अभ्यासक अलेक्झांडर एलिस यांनी रूढ केलेल्या मापाने अष्टकाचे १२०० सेंट धरले, तर पंचमाची चूक दोन सेंट, गांधाराची मात्र जवळजवळ चौदा सेंट भरते. पेटीचा गांधार वर सांगितलेल्या तंबोऱ्याशी लावून पाहिला, तर त्याचा दुप्पट आंदोलनांचा उपस्वर ६०० ऐवजी ६०४.८ वर पडतो, आणि या दोहोंच्या झगड्यातून दर सेकंदास सुमारे पाच विस्पंद, म्हणजे आवाजाचे चढउतार, ऐकू येतात. पेटी व तंबोरा एकत्र वाजत असताना जी एक बारीक खरखर जाणवते, ती वादकाची नव्हे, या पाच विस्पंदांची होय.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. चढा म्हणजे सर्वत्र चुकीचा असे नव्हे. षड्ज-पंचमभावानेच स्वर काढीत गेल्यास गांधार ३०३.७५ व धैवत ४०५ येतो, आणि हिंदुस्थानी संगीताच्या पाठ्यपुस्तकांत धैवताची ४०५ ही संख्या अपरिचित नाही. पेटीचा धैवत ४०० व ४०५ या दोहोंच्या मधोमध कोठेतरी पडतो. तो धड एकाचाही नाही. कोमल गांधाराची स्थिती उलट आहे. पेटीवर तो २८५.४ येतो. २८८ चा कोमल गांधार हवा असेल तर तो फार उतरलेला आहे. पण पंचमभावाने मिळणारा २८४.४ चा हवा असेल तर जवळजवळ बरोबर आहे. तेव्हा पेटी बेसूर आहे की नाही, याचे उत्तर राग कोणता आणि स्वर कशाच्या संगतीने उभा राहतो, हे कळल्यावाचून देता येत नाही.

युरोपाने ही तडजोड का पत्करली, हे थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. बारा पंचम एकावर एक रचले असता सात अष्टके भरावीत अशी अपेक्षा असते. पण दीडचा बारावा घात १२९.७५ होतो व दोनचा सातवा घात १२८. ही फट कोणत्याही युक्तीने बुजत नाही. ती कोठे लपवावयाची एवढेच हाती असते. समविभागी सप्तकाने ती बारा पंचमांत सारखी वाटून टाकली. हे गणित चीनमध्ये राजपुत्र झू झाइयू यांनी १५८४ मध्येच मांडले होते. युरोपात त्याचा सार्वत्रिक स्वीकार पुष्कळ उशिरा झाला. बाख यांचा १७२२ चा प्रसिद्ध संग्रह समविभागी सप्तकासाठीच लिहिला गेला, ही समजूत आता अभ्यासक मानीत नाहीत. एकाच रचनेत षड्ज बदलत जाण्याची रीत तेथे वाढली, आणि कळफलकाच्या वाद्यांना ही तडजोड अपरिहार्य झाली.

आपल्या संगीतात एका चिजेच्या पोटात षड्ज बदलत नाही. म्हणून समविभागी सप्तकाची आपल्याला गरजच नव्हती, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. तो वरवर बिनतोड वाटतो. परंतु महाराष्ट्रात पेटी कशी रुजली हे पाहिले म्हणजे त्यातील उणीव दिसते.

फ्रान्समध्ये १८४० च्या दशकात आलेली, आणि पुढे कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनी हातभात्याच्या सुटसुटीत रूपात बनविलेली ही पेटी मराठी रंगभूमीने उचलून धरली. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्यासारखे वादक तिला लाभले. भास्करबुवा बखले यांची साथ त्यांनी केली आणि १९११ च्या 'मानापमान'ला चालीही त्यांनीच दिल्या. नाटकमंडळीत दहा नट गात, आणि दहांच्या पट्ट्या निराळ्या. एक पद काळी चारात संपते न संपते तोच दुसऱ्या पात्राला पांढरी दोनमध्ये स्वर द्यावा लागे. तंबोरा उतरवून पुन्हा लावण्याइतका अवधी प्रवेशात नसतो. म्हणजे आपल्याकडे षड्ज चिजेच्या आत बदलत नसला, तरी माणसागणिक बदलतो. आणि ज्या मैफलीत, नाटकात वा भजनात अनेक माणसे गातात, तेथे पेटीपुढे युरोपीय कळफलकासारखाच प्रश्न उभा राहतो.

तो किती बिकट आहे हे एका उदाहरणाने समजेल. एखाद्या कारागिराने पेटीचे सूर खरवडून ती २४० च्या षड्जाला तंतोतंत नैसर्गिक लावून दिली आहे, असे धरू. पहिला गायक त्या षड्जात गाईल तोवर सर्व उत्तम. दुसऱ्याची पट्टी दोन पायऱ्या उंच आहे; त्याने २७० चा स्वर षड्ज मानला. आता त्याला पंचम हवा ४०५ चा, पण पेटीत आहे ४०० चा. षड्जाचा तिप्पट आंदोलनांचा उपस्वर ८१० व या पंचमाचा दुप्पट ८००. दर सेकंदास दहा विस्पंद. समविभागी पेटीत याच जागी सेकंदास एक विस्पंदही पुरता पडत नाही. पंचम फाटला तर श्रोत्यांतले पोरही मान फिरवील. गांधार थोडा चढला तर जाणत्याच्या कपाळाला आठी पडते, इतकेच. नाटकमंडळ्यांनी व भजनी मंडळांनी या दोहोंतून दुसरा पर्याय घेतला तो अज्ञानाने नव्हे. त्यांच्या कामाला तोच योग्य होता.

आता या वादातील सर्वांत महत्त्वाच्या मराठी प्रयत्नाकडे वळू. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर; नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे वडीलबंधू. भरताच्या बावीस श्रुतींना निश्चित संख्या देता येतील, अशी त्यांची धारणा होती. त्यासाठी त्यांनी केवळ ग्रंथ चाळले नाहीत, तर अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्यासारख्या गवयाला गावयास सांगून त्यांचे स्वर तारेवर पडताळून पाहिले. हिंदी स्वरसप्तक व बावीस श्रुती यांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. सातारा येथे न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी हा विचार पुढे नेला. त्यांचा भारतीय संगीतावरील ग्रंथ १९१३ चा. या दोघांच्या खटपटीने श्रुतींची पेटी लंडनमध्ये मूर यांच्याकडून बनवून घेण्यात आली. गळ्यातून आलेला स्वर मोजावा, मग वाद्य करावे, हा क्रम त्या काळी आपल्याकडे नवा होता, आणि देवलांचे श्रेय प्रथम येथे आहे.

त्यांच्या उपपत्तीचे रूढ झालेले रूप असे. श्रुती तीन मापांच्या आहेत : सुमारे ९० सेंटची, ७० सेंटची व २२ सेंटची. चतुःश्रुतिक अंतरात पहिल्या दोन मापांची प्रत्येकी एक व तिसऱ्याच्या दोन, त्रिश्रुतिक अंतरात तिन्हींची एकेक, द्विश्रुतिक अंतरात पहिली व तिसरी. तीन चतुःश्रुतिक, दोन त्रिश्रुतिक व दोन द्विश्रुतिक अंतरे मिळून श्रुती बावीस भरतात आणि सेंट बाराशे. ही मांडणी देखणी आहे यात संशय नाही. परंतु भरताने श्रुतीला गुणोत्तर दिलेले नाही. नाट्यशास्त्रात आहे तो दोन वीणांचा प्रयोग : एक ध्रुव, एक चल, चल वीणा टप्प्याटप्प्याने उतरवीत जावी आणि कोणता स्वर कोणत्या स्वराशी येऊन मिळतो ते ऐकावे. हा कानाचा प्रयोग आहे, आकडे नंतरच्यांनी घातले. विष्णु नारायण भातखंडे यांना देवल-क्लेमेंट्स यांची उपपत्ती मान्य नव्हती. प्राचीनांनी श्रुती सारख्याच मानल्या होत्या, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९१६ मध्ये बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत हा प्रश्न चर्चेस आला, पण निकालात निघाला नाही.

श्रुतिपेटी मैफलीत का टिकली नाही? ती वाजविण्यास अवघड, हे एक कारण खरे. पण ते वरचे कारण झाले. बावीस श्रुतीही शेवटी एकाच षड्जापासून मोजलेल्या असतात. वर दिलेल्या कोष्टकात ४०५ च्या स्वराला षड्ज मानले, तर २८८ च्या जातीचा कोमल गांधार ४८६ वर, म्हणजे एक सप्तक खाली २४३ वर, येतो. आणि २४० व २५२.८ यांच्यामध्ये त्या पेटीत काहीच नाही. पट्ट्या वाढविल्याने फट लहान होते, नाहीशी होत नाही. हेल्महोल्ट्झ यांच्यानंतर इंग्लंडात बोझांकेट यांनी अष्टकाचे त्रेपन्न भाग करून हार्मोनियम बनविला, तोही प्रयोगशाळेच्या बाहेर फारसा पडला नाही.

याहून खोल अडचण निराळीच आहे, आणि ती देवलांच्या काळी दिसण्याजोगी नव्हती. नाझीर जयराजभॉय व स्टोन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत असे आढळले, की एकच कलावंत एकाच गायनवादनात एकच स्वर निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या उंचीवर लावतो. १९८२ मधील मार्क लेव्ही यांच्या अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे : ध्वनिमुद्रित गायनवादनातील स्वर नैसर्गिक, पंचमभावी वा समविभागी यांपैकी कोणत्याही एका कोष्टकात सातत्याने बसत नाहीत. यावरून 'पाहा, नैसर्गिक सप्तक ही कविकल्पना आहे' असा निवाडा देण्याची घाई काहींनी केली. तो बरोबर नाही. दरबारीचा गांधार आंदोलित आहे. तो एका बिंदूवर उभा राहतच नाही, मग त्याची उंची एका आकड्यात कशी सांगावी? तोडीचा गांधार आपल्या जागेहून खाली खेचलेला, भैरवाचा रिषभ झुलता. याउलट यमनातील गांधारावर गायक दीर्घ न्यास करतो, तंबोरा मोकळा ऐकू येत असतो, तेव्हा गळा ३०० कडे ओढला जातो. कारण इकडेतिकडे झाल्यास विस्पंद कानाला टोचतात. नैसर्गिक सप्तक हे स्वरांचे कोष्टक नव्हे, ती ओढ आहे. स्वर थांबतो तेथे ती प्रबळ असते, स्वर चालतो तेथे रागाचे चलन तिच्यावर मात करते.

असे मानले म्हणजे पेटीवरील आक्षेपाचे स्वरूपच बदलते. पेटीची खरी मर्यादा तिचा गांधार चौदा सेंट चढा असणे ही नसून, तिचा कोणताही स्वर हलू न शकणे ही आहे. मींड नाही, आंदोलन नाही. आणि ही मर्यादा श्रुतिपेटीलाही तितकीच लागू होती. देवलांनी बारा खुंट्यांच्या जागी बावीस रोवल्या. स्वर खुंटीला बांधलेला राहिलाच.

या दोन आक्षेपांची गल्लत सर्वांत महाग पडली ती नभोवाणीवर. दिल्ली केंद्रावर युरोपीय संगीताचे प्रमुख असलेले जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्ये पेटीवर कडक लेख लिहिला; रवींद्रनाथ ठाकुरांचाही तिला विरोध होता; आणि १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर पेटी बंद झाली. स्वातंत्र्यानंतरही बंदी कायम राहिली आणि १९७१ च्या सुमारास काही अटींवर ती शिथिल झाली. तीन दशके पेटीवादकाला देशातील सर्वांत मोठ्या श्रोतृवर्गापुढे जाता आले नाही. त्याच काळात मैफलीत मात्र त्याच गायकांच्या शेजारी पेटी वाजत होती. श्रुतीच्या नावाने घातलेल्या या बंदीने गायकांच्या श्रुती सुधारल्या, असे दाखविणारा पुरावा कोणी पुढे आणलेला नाही. पेटीबद्दलचा खरा भयविषय मैफल नव्हेच. तो शाळा आणि संगीतवर्ग हा आहे. मुरलेला गायक पेटीच्या गांधाराकडे दुर्लक्ष करून आपला गांधार लावू शकतो. पेटीवरच सारेगम घोटलेल्या मुलाला मात्र दुसरा गांधार असतो हेच कळत नाही. त्याचा कान समविभागी होतो, आणि पुढे तंबोरा हाती आला तरी तो त्याच्यात ६०० चा स्वर शोधीत नाही.

वादकांनी दरम्यान आपल्यापुरता तोडगा काढला आहे. पेटीतील पितळी जिभेचे टोक खरवडले असता स्वर चढतो, मुळाशी खरवडले असता उतरतो. एक षड्ज कायम धरून गांधार, धैवत, निषाद असे उतरवून घेण्याची पद्धत महाराष्ट्रात चांगली रुळली आहे. तिला 'गंधार ट्यूनिंग' म्हणतात. अशी पेटी तंबोऱ्याशी सुरेख मिळते, पण ती एका पट्टीची होते. सांगाडा सरकवून पट्टी बदलणारी जी पेटी मिळते, तिच्याने हा प्रश्न सुटतो असा एक समज आहे; तो चुकीचा होय. तीत बोटांची जागा तीच राहून जिभा बदलतात, जिभांची परस्परांतरे बदलत नाहीत. समविभागी नसेल तर तिचा पंचमही वरच्यासारखाच फाटेल. डॉ. विद्याधर ओक यांनी अलीकडे बावीस श्रुतींची जी पेटी सिद्ध केली, तीत एकाच पट्टीतून दोन श्रुतींपैकी हवी ती निवडण्याची योजना आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या वाद्यापेक्षा ती हाताला पुष्कळ सोपी आहे. राग सुरू होण्यापूर्वी श्रुती निवडावयाच्या आणि मग नेहमीसारखे वाजवावयाचे. स्थिर स्वरांच्या रागांत तिचा लाभ उघड आहे. दरबारीत तिलाही गायकाच्या मागे उभे राहावे लागते.

एकल गायनाच्या साथीला उतरवून लावलेली पेटी घ्यावी, विद्यार्थ्याच्या हाती प्रथम तंबोरा द्यावा, हे वरील विवेचनातून सरळ निघते. मिरजेसारखे तंबोऱ्याचे गाव महाराष्ट्रात असताना दुसरी गोष्ट दुष्कर नाही. परंतु शेळगावच्या टापूतील भजनाला हा उपदेश लागू पडत नाही. तेथे एका रात्रीत पाच बुवा उठतात, पाच पट्ट्या सांगतात; टाळांच्या गजरात गांधाराचे पाच विस्पंद कोणाच्याही कानी पडत नाहीत, पंचमाचे दहा मात्र पडतील. दिंडी पुन्हा वाटेला लागते तेव्हा पेटी बहुधा मागे राहते, वीणेची तार त्या दिवशीच्या गळ्याला लावली जाते, आणि गांधार ज्याचा त्याने शोधावयाचा असतो.